ऐहोळेचे मेगुती जिनालय आणि अय्यावोळेचे पाचशे स्वामी

कर्नाटक राज्याच्या बागलकोट जिल्ह्यातील हुनगुंद तालुक्यात, मलप्रभा नदीच्या काठी ऐहोळे नावाचे एक लहानसे खेडे आहे. सोलापूर-गदग लोहमार्गावरील बदामी स्थानकापासून ते सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. हा सारा मुलूख दिनांक १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, विजापूर जिल्ह्याचा भाग होता. बागलकोट हा वेगळा जिल्हा १९९७ मध्ये झाला. आपल्याकडील यात्रेकरू दक्षिणेस जाताना हुमचा, मूडबिद्री, कारकल आणि श्रवणबेळगोळ ही क्षेत्रे भक्तिभावाने करतात. ऐहोळेची वाट मात्र सहसा वाकडी केली जात नाही, कारण तेथे पूजा नाही, प्रक्षाळ नाही आणि ज्याच्या नावाने नवस बोलावा असा मूलनायकही नाही. असे असूनही दक्षिण भारताच्या इतिहासातील अनेक तारखा ज्या एका भिंतीवर टेकलेल्या आहेत, ती भिंत या खेड्यातील जिनमंदिराची आहे, हे सत्य समाजातील फार थोड्यांना ठाऊक आहे.

ऐहोळे गावात व परिसरात लहानमोठी शंभराहून अधिक मंदिरे आहेत. त्यांत शिवाची आहेत, विष्णूची आहेत, सूर्याची आहेत. डोंगराच्या उतारावर एक दुमजली बौद्ध वास्तूही आहे. शिलालेखांत गावाचे नाव आर्यपुर व अय्यावोळे असे येते. परशुरामाने आपला रक्ताळलेला परशू येथील नदीत धुतला, अशी लोककथा आहे. ती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

गावाच्या आग्नेयेस एक खडकाळ डोंगर उभा आहे. पायऱ्यांनी वर गेले की जुन्या कोटाच्या भिंती लागतात व त्या कोटाच्या आत मेगुतीचे जिनालय दिसते. ‘मेल’ म्हणजे वरचे आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. कन्नड भाषेतील ‘वरचे देऊळ’ हे साधे वर्णनच पुढे मंदिराचे नाव होऊन बसले. ज्याने ते बांधविले त्याने कोणते नाव ठेवले होते, हे लोकांच्या तोंडी टिकले नाही. मंदिर वालुकाश्माचे आहे. गाभारा, त्याभोवती फिरण्यासाठी बंदिस्त प्रदक्षिणामार्ग, पुढे अंतराळ व सभामंडप अशी त्याची रचना असून पुढचा मंडप नंतरच्या काळात वाढविलेला आहे. गाभाऱ्याच्या माथ्यावर आणखी एक गाभारा आहे. बाहेरच्या भिंतींवर अर्धस्तंभ आहेत, मूर्तींसाठी कोनाडे आहेत. मात्र कोनाडे रिकामे आहेत आणि काही ठिकाणी दगडावर नक्षीची आखणी होऊन काम तसेच राहिलेले दिसते. गाभाऱ्यात पद्मासनस्थ तीर्थंकरांची मूर्ती आहे, तीही भग्न. डोंगराच्या माथ्यावर मंदिराच्या मागील बाजूस प्रागैतिहासिक काळातील महापाषाणीय दफनांचे दगड विखुरलेले आहेत. मंदिर उभे राहिले तेव्हाही ते तेथे होते, इतके ते जुने आहेत.

याच डोंगराच्या दुसऱ्या अंगास खडकात कोरलेले एक जैन लेणे आहे. त्यास मेण बसदी म्हणतात. त्याच्या ओसरीत एका बाजूस भगवान पार्श्वनाथ व दुसऱ्या बाजूस अंगावर वेली चढलेले बाहुबली कोरलेले आहेत. श्रवणबेळगोळची महामूर्ती इ.स. ९८० च्या सुमारास घडली. ऐहोळेचे हे बाहुबली तिच्याहून सुमारे तीनशे वर्षांनी जुने आहेत. बदामीच्या चौथ्या लेण्यातील शिल्पाबरोबर बाहुबलींच्या आद्य शिल्पांत त्यांची गणना होते.

आता त्या भिंतीकडे वळावयास हवे. मेगुती मंदिराच्या पूर्वेकडील बाह्य भिंतीत एक शिला बसविलेली आहे. तिच्यावर एकोणीस ओळींत सदतीस संस्कृत श्लोकांची प्रशस्ती कोरलेली आहे; लिपी जुनी कन्नड आहे. तिचा कर्ता रविकीर्ती. बदामीचा चालुक्य सम्राट सत्याश्रय पुलकेशी दुसरा याच्या आश्रयास असलेला हा जैन कवी होता. त्याने प्रथम जिनेंद्राचे स्तवन केले आहे, नंतर चालुक्य वंशाची परंपरा सांगितली आहे आणि मग आपल्या राजाच्या विजयांची मोठी मालिका दिली आहे. काका मंगलेश याने स्वतःच्या मुलास गादी देण्याचा घाट घातला, तो पुलकेशीने हाणून पाडला. त्या घरच्या भांडणाचा फायदा घेऊन अप्पायिक व गोविंद हे दोघे भीमरथीच्या, म्हणजे आपल्या भीमा नदीच्या, उत्तरेकडून चालून आले. एकाची दाणादाण उडाली आणि दुसरा शरण आला. पुढे वनवासीचा वेढा, कोकणच्या मौर्यांचा पराभव, पश्चिम समुद्रातील पुरी या नगरीवर गलबतांनी केलेली स्वारी, लाट, मालव व गुर्जरांची शरणागती, कलिंग आणि कोसल, कांचीचा पल्लव आणि कावेरीपलीकडील चोल, केरळ व पांड्य, असा हा पट उलगडत जातो.

उत्तरेचा सम्राट हर्षवर्धन याला पुलकेशीने नर्मदेच्या बाजूस अडविले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. तिचा एक मुख्य आधार हाच लेख होय. हर्षाचा हर्ष भयाने नाहीसा झाला, अशा आशयाचा शब्दखेळ रविकीर्तीने तेथे साधला आहे. हे युद्ध नेमके केव्हा झाले, याबद्दल विद्वानांत फार वाद होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे आलेल्या इ.स. ६१९ च्या एका ताम्रपटात या विजयाचा उल्लेख आढळला. त्याचे वाचन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते युद्ध इ.स. ६१८-१९ च्या हिवाळ्यातच होऊन गेले असावे असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मेगुतीचा लेख कोरला गेला त्या वेळी हा विजय पंधरा वर्षांचा जुना होता.

मराठी वाचकाने जेथे थांबावे असे एक स्थळ या लेखात आहे. नव्व्याण्णव हजार गावे असलेल्या ‘तीन महाराष्ट्रकांचे’ आधिपत्य पुलकेशीस प्राप्त झाले, असे रविकीर्ती सांगतो. हे तीन भाग कोणते आणि हा आकडा कसा मोजला, याचा काथ्याकूट पुष्कळ झालेला आहे. परंतु आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या जुन्या, तारीख असलेल्या लेखात येते आणि तो लेख एका जिनमंदिराच्या भिंतीवर आहे, एवढे तरी आपल्या मुलांना माहीत असावे. पुढे सहा-सात वर्षांनी चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. त्यानेही पुलकेशीचे नाव घेतले असून येथील लोक उपकार न विसरणारे आणि अपमान न सोसणारे आहेत, असे लिहून ठेवले आहे.

लेखाची तारीख रविकीर्तीने दोन प्रकारांनी दिली आहे. जमाखर्चात दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळाव्यात तसे हे आहे. भारतीय युद्ध होऊन ३७३५ वर्षे गेली आणि शक राजांच्या काळाची ५५६ वर्षे गेली, असे तो सांगतो. शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ या वर्षी धरण्याची जी परंपरा आहे, तिच्याशी हा हिशेब बरोबर मिळतो. आणि अखेरीस, आपण काव्यरचनेने कालिदास व भारवी यांची कीर्ती मिळविली आहे, असे तो स्वतःविषयी निःसंकोच लिहितो. रसिकांनी त्याचा हा दावा मान्य केला असे काही दिसत नाही. त्याचे दुसरे काव्यही आज उपलब्ध नाही. मात्र त्याच्या या एका बढाईने संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासावर मोठे उपकार झाले. कालिदास केव्हा होऊन गेला याविषयी कितीही मते असोत, तो इ.स. ६३४ च्या पूर्वीचा आहे हे मेगुतीच्या भिंतीने कायमचे ठरवून टाकले. भारवीच्या काळाचाही हाच मोठा आधार आहे.

हा लेख आधुनिक जगापुढे प्रथम व्यवस्थित आणला तो मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत असलेल्या जॉन फेथफुल फ्लीट यांनी, इ.स. १८७६ व १८७९ मध्ये. त्यानंतर फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्याचे काळजीपूर्वक संपादन करून तो विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. हे कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षे संस्कृतचे प्राध्यापक होते.

राजे, लढाया आणि कवी यांच्या गर्दीत खुद्द मंदिराविषयी लेख काय सांगतो, इकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. समाजाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. सत्याश्रयाचा परम प्रसाद लाभलेल्या रविकीर्तीने जिनेंद्राचे हे पाषाणाचे भवन उभे करविले आणि प्रशस्ती रचणारा व मंदिर करविणारा एकच आहे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. श्लोक संपल्यावर एक ओळ जोडलेली आहे. तिच्यात मूलवल्ली, पुळिगेरे, गण्डवग्राम आदी गावांची नावे देऊन ही या मंदिराची ‘भुक्ती’ होय, असे नोंदविले आहे. भुक्ती म्हणजे ज्यांच्या उत्पन्नावर मंदिराचा खर्च चालावा अशी लावून दिलेली गावे. दगडी बांधकाम एकदाच करावे लागते. दिवाबत्ती, पूजा, मुनींचा आहार व दुरुस्ती दररोज करावी लागते, हे त्या काळच्या लोकांना उत्तम कळत होते.

परंतु ही सारी व्यवस्था राजाच्या प्रसादावर उभी होती. लेख कोरल्याला आठ वर्षे होतात न होतात तोच, इ.स. ६४२ च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी जिंकली आणि पुलकेशीचा अंत झाला. विजेत्याने आपला लेख बदामीच्याच खडकावर कोरून ठेवला. राजधानी पुढे बारा-तेरा वर्षे सावरली नाही. मेगुतीच्या भिंतीवरील अर्धवट नक्षी आणि रिकामे कोनाडे यांचे कारण या विध्वंसात शोधण्याचा मोह होतो. तसा पुरावा मात्र नाही, आणि अर्धवट राहिलेले काम इतर मंदिरांतही दिसते. त्या गावांचे उत्पन्न मंदिराकडे किती पिढ्या येत राहिले, याची नोंद भिंतीवर नाही. दान देताना लिहिले जाते. दान बंद पडते तेव्हा कोणी दगड कोरीत नाही.

यानंतर ऐहोळेच्या इतिहासात एक वेगळेच मंडळ पुढे येते. ‘अय्यावोळे ऐनूर्वर’, म्हणजे अय्यावोळेचे पाचशे स्वामी. हा व्यापाऱ्यांचा महासंघ होता. आठव्या-नवव्या शतकापासून त्याचे उल्लेख मिळू लागतात आणि अकराव्या-बाराव्या शतकांत तर कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू व सिंहलद्वीपापर्यंत त्याचे लेख पसरलेले दिसतात. सुमात्रा बेटावरील बारूस येथे इ.स. १०८८ चा एक तामिळ लेख सापडला आहे. त्यातही हेच पाचशे स्वामी आहेत. घोडे, हत्ती, रत्ने, चंदन, कापूर, मसाले आणि वस्त्रे असा त्यांचा माल असे. बैल, रेडे व गाढवे यांच्या पाठीवर तो घाट ओलांडून जाई आणि तांड्याच्या रक्षणासाठी पदरचे शिपाई असत. पाचशे हा आकडा प्रारंभी खरोखर माणसांचा असेल, पुढे तो केवळ नावापुरता राहिला. ज्यांनी ऐहोळे कधी डोळ्यांनी पाहिले नसेल असे दूरदेशीचे व्यापारीही स्वतःस अय्यावोळेचे म्हणवून घेत. पेढीचे मूळ गाव सुटले तरी पाटीवर त्याचे नाव राहावे, तसाच हा प्रकार. हे सारे व्यापारी जैन होते असे समजणे चुकीचे होईल. त्यांत शैव होते, वैष्णव होते, जैनही होते. आणि एकाच्या देवळासाठी दुसऱ्याने वर्गणी देण्यात त्यांना काही विशेष वाटत नसे, असे त्यांच्या लेखांवरून दिसते.

या संघाचा आपल्या भागाशी असलेला संबंध कोल्हापूरच्या शुक्रवार वेशीजवळ मिळालेल्या शके १०५८ (इ.स. ११३५-३६) च्या शिलालेखात नोंदलेला आहे. शिलाहार राजा गंडरादित्य याचा सामंत निंबदेव हा मोठा जिनभक्त होता. कोल्हापुरातील रूपनारायण बसदी त्याने बांधविली. कवडेगोळ्ळ येथील पेठेत त्याने भगवान पार्श्वनाथांचे चैत्यालय उभारले, तेव्हा अय्यावोळेच्या पाचशे स्वामींच्या संघाचे, कोल्हापूर, मिरज आणि इतर पेठांतील व्यापारी एकत्र जमले. विक्रीस येणाऱ्या निरनिराळ्या मालावर ठराविक लागा या चैत्यालयासाठी द्यावा, असे त्यांनी आपसांत ठरविले आणि ते उत्पन्न रूपनारायण बसदीच्या आचार्यांच्या स्वाधीन केले.

या ठरावाकडे व्यापारी दृष्टीने पाहिले पाहिजे. राजाने गाव दिले तर ते दुसरा राजा काढून घेऊ शकतो. येथे मात्र सुपारीच्या, मिरीच्या, हळदीच्या प्रत्येक विक्रीतून कणकण बाजूस पडत होता; देणारा एक नव्हता, पेठ होती. महाराष्ट्रातील बाजारपेठांत अगदी अलीकडच्या पिढ्यांपर्यंत बिलाच्या तळाशी ‘धर्मादाय’ म्हणून एक लहानशी रक्कम लावण्याची रीत होती. त्या पैशांतून पांजरपोळ चालले, धर्मशाळा उभ्या राहिल्या, पाणपोया बसल्या. त्या रीतीचे कूळ शोधीत मागे गेल्यास कवडेगोळ्ळच्या त्या बैठकीपर्यंत जाता येते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

खुद्द ऐहोळ्यातही या काळात जैन समाज नांदता होता. गावातील चारंथी मठ या नावाने ओळखला जाणारा जैन मंदिरांचा समूह अकराव्या-बाराव्या शतकांतील आहे. म्हणजे मेगुती उभारल्यानंतर सुमारे पाचशे वर्षे तेथे जिनमंदिरे बांधणारे लोक होते. पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या, कल्याणीचे चालुक्य गेले, यादव गेले, नवी राज्ये व नवे किल्ले आले. चौदाव्या शतकानंतर पाचशे स्वामींचे नाव विरळ होत जाते. ज्या गावाचे नाव समुद्रापार गेले होते, ते गाव एक साधे खेडे होऊन राहिले.

त्या खेड्यातील लोकांनी या मंदिरांचे काय केले, याबद्दल पुष्कळ नापसंती व्यक्त होते. लोक मंदिरांत राहू लागले. गुरे बांधली, चुली पेटविल्या. लाडखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाचे ज्या मंदिरात वास्तव्य होते, ते मंदिर आज कलेच्या साऱ्या ग्रंथांत लाडखान मंदिर याच नावाने प्रसिद्ध आहे. गौडर गुडी, अंबिगेर गुडी, हुच्चप्पय्या मठ ही नावेही याच प्रकारची. देवाचे नाव गेले आणि शेजाऱ्याचे चिकटले. तथापि रागावण्यापूर्वी थोडा विचार करावा. ज्या घरात माणूस राहतो त्याचे छप्पर तो गळू देत नाही. धूर, शेण आणि संसार यांनी या मंदिरांना मलिन केले हे खरे, पण दगड काढून नेण्यापासून वाचविलेही. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने एकेक मंदिर मोकळे केले. मेगुती हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. शेजारच्या पट्टदकलचा १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. ऐहोळे, बदामी व पट्टदकल यांचा एकत्रित प्रस्ताव २०१५ मध्ये भारताच्या संभाव्य यादीत दाखल करण्यात आला.

संरक्षित स्मारक झाल्याने मंदिराचा दगड सुरक्षित झाला, ही समाधानाची बाब होय. परंतु ज्या कामासाठी रविकीर्तीने ते बांधविले, ते काम तेथे होत नाही. पर्यटक पायऱ्या चढून येतात, मार्गदर्शक त्यांना भिंतीवरील लेख दाखवितो, पुलकेशी व हर्ष यांची गोष्ट सांगतो आणि गाभाऱ्याकडे क्षणभर डोकावून सर्व जण माथ्यावरून दिसणारे गाव पाहण्यास वळतात. जैन यात्रेकरू आलाच तर अर्घ्य कोठे चढवावे हे त्यास समजत नाही. तो हात जोडून णमोकार म्हणतो आणि खाली उतरतो.

मंदिरातील सर्वांत सुंदर मूर्तीही आता डोंगरावर नाही. आंब्याच्या झाडाखाली बसलेली, परिवारासह कोरलेली यक्षी अंबिका मेगुतीत होती. तिचे हात व चेहरा झिजले, तुटले आहेत, पण बसण्याची ढब अद्याप तशीच आहे. तिला खाली गावात आणून पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात ठेवले आहे. तेथे तिच्यासमोर दिवा नाही; खाली एक पाटी आहे, तिच्यावर नाव व शतक लिहिले आहे आणि ती मेगुती मंदिरातून आणली, असे नमूद केले आहे.